जेनोवाला जाऊन आलेला कोट

मी कोट बोलतोय. लोकरी, राखाडी, गुडघ्यापर्यंतचा, आतून काळं अस्तर असलेला. शहाद्याजवळच्या एका तापीकाठच्या गावात, चैत्रात पाखरंसुद्धा दुपारी केळीच्या बागेत दडून बसतात अशा ठिकाणी, मी एका घरात टांगलेला आहे. कोटाचं इथे काय काम, असं तुम्ही विचाराल. विचारणं बरोबरच आहे. या घरात माझ्या नात्यातलं दुसरं कुणी नाही.

माझा जन्म लुधियानाचा. तिथे मशीनवर माझ्यासारखे पुष्कळ शिवले जात होते, त्यामुळे आईबाप म्हणून कुणाचं नाव सांगता येत नाही. गठ्ठ्यात बांधून मला सुरतेला आणलं आणि एका मोठ्या दुकानात काचेआड उभं केलं. तिथे मला भटूअप्पा आणि कौसाबाई भेटले.

भटूअप्पा म्हणजे केळी-कापसाचे बागायतदार. साठीकडे झुकलेले, उंच, कमी बोलणारे. कौसाबाई त्यांच्या पत्नी. अप्पांचे शेजारी नवनीतभाऊ आणि त्यांची बायको रमिलाबाई यांनी युरोपच्या सहलीचं टुमणं लावलं होतं, चौघांनी मिळून जायचं ठरलं होतं, म्हणून ही खरेदी. दुकानदाराने आधी एक निळा कोट दाखवला. अप्पांनी तो चढवला, तशी कौसाबाई म्हणाल्या, "हाऊ नको. हाऊ घालीसन तुम्हीन विमा एजंट दिखतस."

मग माझा नंबर लागला. त्यांनी माझी कॉलर दोन बोटांत धरून चोळली, अस्तर उलटून पाहिलं, शिवण ओढून पाहिली. वांगी घेतानाही त्या अशाच वागत असतील. "हाऊ चांगला शे," असं त्या म्हणाल्या आणि मी या घरचा झालो. स्वतःसाठी त्यांनी एक तांबडा कोट घेतला.

परतताना गाडी विसरवाडीच्या फाट्यावर चहाला थांबली. ऊन मी म्हणत होतं. कौसाबाईंनी पिशवीतून आपला तांबडा कोट काढला आणि साडीवर चढवून भर फाट्यावर उभ्या राहिल्या. ट्रकवाले वळून पाहू लागले. अप्पा कानापर्यंत लाल झाले.

"काढ ना वं. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू द्या. बटन लागतस का नही ते देखी लेऊ द्या मले. तठे ग्यावर कोनले दखाडू?"

दोघांचा स्वभाव मला त्या दिवशीच कळला. लोक काय म्हणतील ही अप्पांची जन्माची धास्ती. कौसाबाईंच्या ती गावीही नव्हती.

श्रावणात कौसाबाई गेल्या. साधा ताप म्हणून सुरू झालं होतं.

त्याविषयी मी जास्त सांगू शकत नाही. मी लाकडी कपाटात होतो आणि दार बंद होतं. आवाज तेवढे ऐकू येत होते, आणि मग तेही येईनासे झाले. दिवसकार्य झाल्यावर त्यांचे कपडे वाटून टाकले. तांबडा कोट बागेत कामाला येणाऱ्या छबूबाईला दिला. तो दांडीवरून उचलला गेल्यावर त्याचा रिकामा हँगर माझ्या शेजारी बराच वेळ हलत होता.

सहल दिवाळीत निघायची होती, ती पुढे ढकलली. अप्पा जायलाच तयार नव्हते. पण त्यांची मुलगी रूपाली, ती नाशिकला दिलेली आहे, तिनेच हट्ट धरला. "मायनी हौस व्हती. तुम्हीन देखीसन या. तुम्हना डोयाघाई ती देखी." अप्पांच्या डोळ्यांनी आई पाहील, हा एकुलत्या एक मुलीचा शब्द त्यांना मोडवेना. नवनीतभाऊंनी विचारलं, एप्रिलात चालेल का? अप्पा उठले, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं पंचांग त्यांनी पाहिलं आणि हो म्हणाले.

ते पंचांग त्यांनी का पाहिलं, हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात. खानदेशात दिवाळीपेक्षाही ती मोठी. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर लहान लोटा, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबा ठेवायचा. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत पूर्वजांची नावं घ्यायची आणि त्यांच्या नावाने पाणी सोडायचं. घागर भरल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालायचा नाही. आणि वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, तर त्याची ती पहिली घागर. ती एकदाच असते. पुढच्या आखाजीला ते माणूस सगळ्या पितरांत मिसळून गेलेलं असतं.

कौसाबाईंची पहिली घागर अप्पांनीच भरायची होती. पंचांगात आखाजी एप्रिलच्या अखेरीला दिसली. सहल त्याआधीच संपत होती. म्हणून ते निघाले.

विमानात मी पहिल्यांदा अंगावर बसलो. डोंगरांच्या देशात बर्फ पाहिला. मला वाटलं होतं, मी ज्यासाठी जन्मलो ते हेच, आता मालक खूश होतील. पण अप्पा बर्फात उभे राहिले तेही बांधावर उभे राहावं तसे, दोन्ही हात माझ्या खिशांत घालून. सगळे फोटो काढत होते. कुणी फोटोत ओढलं की ते कडेला उभे राहत आणि कॅमेऱ्याऐवजी पायांकडे पाहत.

बर्फाचा मुलूख सोडून बस इटलीत उतरली, आणि जेनोवाच्या आदल्या संध्याकाळी रूपालीचा फोन आला.

"अप्पा, आखाजी कव्हय शे, ठाऊक शे का?"

"मयनाना आखरले. मी पंचांग देखीसनच निंघनू."

"कोनतं पंचांग?"

"सयपाकघरना दारमांगे शे ते."

"अप्पा, ते मांगला सालनं शे. आखाजी उद्या शे."

या वर्षी तिथी दहा-अकरा दिवस आधी आली होती. चाळीस वर्षं कोणता सण कधी, हे अप्पांना कौसाबाईंच्या तोंडून कळत आलं होतं. आज एकादस, उद्या पोळा, परवा सर्वपित्री. नवं पंचांग आणून खिळ्याला टांगणाऱ्या त्याच होत्या. पाडव्याला कुणी ते आणलं नाही आणि जुनं तसंच लटकत राहिलं.

"आते?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आते काय? मी माहेरलेच यीसन बठनू. छगनकाका शेतस. पानी काका सोडतीन. मी फोनवर तुम्हले समदं दखाडसू. पन मायनं नाव तुम्हीन ल्या, अप्पा. पयलांदा नाव तुम्हना तोंडघाई निंघाले जोयजे. दुपारले फोन हातमाच ठेवा."

"ठेवसू."

छगनकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ; पाणी ते सोडणार होते, नाव मात्र अप्पांनी फोनवरून घ्यायचं होतं. त्या रात्री त्यांनी फोन उशाशी ठेवला. मला खुर्चीच्या पाठीवर अडकवलं होतं, तिथून मला दिसत होतं. फोनचा आवाज मोठा केला आहे ना, हे ते पुन्हा पुन्हा पाहत होते.

जेनोवा हे भूमध्य समुद्राच्या काठचं फार जुनं बंदर. जमीन कमी पडली म्हणून शहर डोंगरावर चढत गेलेलं. गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर माझ्या दोन्ही बाह्या भिंतींना लागाव्यात. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. तिथली माणसं सदऱ्यावर हिंडत होती आणि आमची मंडळी कोट, मफलर, माकडटोपी घालून.

सहलीतली गाइड मुलगी एका दुकानापाशी थांबली. तिथे दगडी खलात हिरवी पानं कुटत होते. वास येताच रमिलाबाईंनी पदर नाकाला लावला. "अगं माय! हाई तं तुळस शे! तुळसनी चटनी खातस हाई लोके?"

"तेनामुळे आठे इतला देऊळे शेतस," नवनीतभाऊ म्हणाले. "पापच तेवढं!"

लोक हसले. अप्पाही किंचित हसले. मग शेजारच्या भट्टीतून चण्याच्या पिठाची मोठी खरपूस पोळी तांब्याच्या परातीत आली. इतके दिवस पाव-बटाट्यावर काढलेली आमची माणसं तिच्यावर तुटून पडली. अप्पांनी कागदात गुंडाळलेला तुकडा घेतला, घास घेतला आणि थांबले. तो बेसनाचा वास ओळखीचा असावा. मग मात्र त्यांनी भराभर खाल्लं, आणि दुसरा तुकडा मागून घेतला. घरी घागर भरायची बाकी होती, कुणी जेवलं नव्हतं. अप्पांच्या ते लक्षात आलं तेव्हा हातातला कागद रिकामा झाला होता. त्यांनी तो माझ्या खिशात कोंबला.

त्यानंतर बंदरातून होडीची फेरी होती; तिथे सकाळचे साडेदहा झाले होते, गावाकडे दुपारचे दोन. मोठी होडी, वर उघडा मजला, बाकं. एकीकडे जुना उंच दीपस्तंभ, दुसरीकडे डोंगरावर चढलेली पिवळी-लाल घरं, मध्ये चमकणारं पाणी. अप्पा कडेच्या बाकावर बसले. फोन हातात होता.

सहलीतल्या सुरतेच्या काही पोरांनी लग्नातल्या बँडची गाणी लावली. बाया उठल्या, माणसं उठली. नवनीतभाऊ माकडटोपीसकट नाचू लागले. रमिलाबाई घामाघूम होऊन अप्पांपाशी आल्या आणि ओरडल्या, "भटूभाऊ, उठा ना! मयतमा बठेल सारखा काय बठनात!"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. आजूबाजूचे नाचता नाचता थांबले. गाणं तेवढं वाजत राहिलं. रमिलाबाईंचा चेहरा असा झाला, की होडीतून खाली उडी टाकतील. कौसाबाईंची ती शेजारीण, मैत्रीण. हे वाक्य त्यांना आयुष्यभर टोचलं असतं.

अप्पांनी ते पाहिलं. दुसऱ्याची लाज त्यांना स्वतःच्या लाजेसारखीच लागते. ते पटकन उठले, फोन माझ्या खिशात टाकला, हसले आणि म्हणाले, "उठनू, उठनू. घ्या!" त्यांनी हात वर करून दोन पावलं टाकली. रमिलाबाईंना वाचवण्यापुरती. तिथेच थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती.

पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाचाचं वारं अंगात शिरलं. अप्पांना उकडायला लागलं, म्हणून त्यांनी मला काढलं आणि बाकाच्या पाठीवर टाकलं. मग ते नाचले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तरुणपणी वरातीत नाचत असतील तसे, कमरेवर हात, मान मागे टाकून, डोळे मिटून. रमिलाबाई नवनीतभाऊंच्या मोबाइलवर सगळं टिपत होत्या. अप्पा मोठ्याने हसत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर कसलंच ओझं नव्हतं.

आणि माझ्या खिशात फोन वाजू लागला.

वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बँडपुढे त्याचं काय चालणार? माझ्या अस्तराला त्याची थरथर लागत होती. मला हात असते तर मी तो वर धरला असता. पण कोटाला हात माणसाचेच, आणि ते तेव्हा हवेत होते. फोन वाजत राहिला आणि मग त्याने वाजणं सोडलं.

होडी धक्क्याला लागली. अप्पांनी मला उचललं, हसतच खिशात हात घातला आणि फोन बाहेर काढला. त्यांचं हसू जाताना मी इतक्या जवळून पाहिलं, की ते मला विसरता येत नाही. लोक उतरत होते. ते कठड्याशी उभे राहून फोन लावू लागले.

"रूपाली..."

"भरी दिधी, अप्पा."

"नाव?"

"छगनकाकानी लिधं. पोऱ्हे भुक्या व्हतात. शेजारन्या बाया थांबेल व्हत्यात. कितला टाईम थांबाडू?"

"बेटा, मी... फोन खिसामा व्हता. मी..."

"देखं आम्हीन," रूपाली म्हणाली. "नवनीतकाकानी गावना ग्रुपवर टाकं. समदासनी देखं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. ती दमली होती.

"जेवनात का तुम्हीन?" तिने विचारलं.

अप्पांच्या हाताला माझ्या खिशातला रिकामा कागद लागला. ते जेवले होते.

मागून नवनीतभाऊ खांद्यावर हात टाकून म्हणाले, "भटूभाऊ, गावमा धमाल उडी ऱ्हायनी! तुम्हना नाच पाहीसन छगनना पोऱ्या म्हने, काका तं हिरो निंघना!" नवनीतभाऊंच्या घरची घागर गावी त्यांचा थोरला भाऊ भरत असे, त्यांना कशाचीच कल्पना नव्हती. आजची आखाजी, फोन, नाव, यांतलं अप्पांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. लाजेपायी.

त्या संध्याकाळपासून अप्पांनी मला अंगातून काढलं नाही. पुढच्या शहरांत लख्ख ऊन होतं. लोक स्वेटर कमरेला बांधून हिंडत होते. अप्पा माझी सगळी बटणं लावून, एक हात खिशातल्या फोनवर ठेवून चालत. घामाने माझं अस्तर ओलं होई. फोन काही वाजत नसे.

गावी परतल्यावर त्यांना सोपं गेलं नाही. दूध डेअरीवर कुणी म्हणे, "अप्पा, आमना पोऱ्याना लगीनमा बी असाच नाचनं पडी हां!" कुणी बँडवाल्यासारखे गाल फुगवून दाखवी. त्यात वाईट हेतू नव्हता, गावाची थट्टाच ती. पण बायकोचं वर्ष सरायच्या आत नाचलेला माणूस, हेही कुणीतरी हळूच म्हणायचं, आणि ते हळू बोललेलं मात्र नेमकं ऐकू यायचं. त्या वर्षी अप्पा एकाही लग्नाला गेले नाहीत. ऐन उन्हाळ्यातली लग्नं, जवळच्या भाच्याचंही होतं.

परदेशाहून आलेल्या माणसाकडे आमच्याकडे लोक मुद्दाम येऊन बसतात. काय पाहिलं, काय खाल्लं, तिथे शेती कशी आहे, सगळं विचारतात. अप्पांकडेही आले.

"जेनोवा कसं शे, अप्पा?"

"घरे शेतस. पानी शे."

"आनखी?"

"आनखी काय?"

लोकांनी हळूहळू विचारणं सोडलं. मला कपाटात टांगलं गेलं. गावातलं कुणी कॅनडाला, कुणी लंडनला निघालं की माझी आठवण निघे, असा जाड, गुडघ्यापर्यंतचा कोट गावात एकच. अप्पा सगळ्यांना एकच सांगत, "तेले कसर लागनी." लोकर खाणारी ती कसर मला लागलेली नाही. एकही भोक नाही. त्यांना मला बाहेर काढायचं नव्हतं, एवढंच.

रूपाली फोन करत असे. पाऊस, बाग, तब्येत. त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही आणि यांनीही काढला नाही. दोघांच्या बोलण्यात तेवढी जागा रिकामी राही, तोंडातला पडलेला दात असावा तशी.

यंदा आखाजी आली. रूपाली माहेरी आली. पूजेची भांडी माझ्याच कपाटात वरच्या फळीवर असतात, ती काढायला दार उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यामुळे पुढचं मला दिसलं.

घागर मांडली. अप्पा पाटावर बसले. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढत त्यांनी नावं घेतली. आजोबा, आजी, वडील, आई. मग कौसाबाईंचं. त्या आता ओळीत होत्या, बाकीच्यांसारख्याच. पहिलेपण कधीच निघून गेलं होतं. अप्पांनी नाव घेतलं, पाण्याचा लोटा उचलला, आणि हात तसाच राहिला.

"कौसा," ते म्हणाले.

छगनकाका चमकले. घागरीपुढे कुणी असं बोलत नाही.

"तठला घरे भलता उच्चा शेतस. समोरासमोर. ह्या खिडकीमाईन त्या खिडकीलोंग दोऱ्या बांधेल. तेवर कपडा वाळतस. तू म्हनती, एखादं लुगडं खाले पडं तं लेवाले कोन जाई?" त्यांनी लोटा दुसऱ्या हाताने सावरला. "गल्लीना कोपरा-कोपरले देवीनी देवळी शे. मी हात जोडात. तुन्हा नावघाई जोडात. मंग होडीमा बठनूत."

इथे ते थांबले. पोरं भुकेने चुळबुळत होती. कुणीतरी म्हणालं, पाणी सोडा आता.

"थांबा," रूपाली म्हणाली. "अप्पासले बोलू द्या."

अप्पांनी मान वर केली नाही.

"होडीमा मी नाचनू, कौसा. तुन्ही पयली घागर भराई ऱ्हायंती, तवय. पोरगी फोन करी ऱ्हायंती. लोकेसले वाटस मी फोन इसरनू. फोन नही. मी तुले इसरनू. तितला टाईम तू गयी हाईच मन्हा ध्यानमा नव्हतं. आनि मले चांगलं वाटनं."

त्यांनी लोटा कलता केला. पाणी पडू लागलं.

कुणी हसलं नाही. होतं असं, असंही कुणी म्हणालं नाही. छगनकाका पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. रूपाली उठून वडिलांच्या मागे जाऊन बसली आणि कार्यात जोडीदाराने लावावा तसा तिने त्यांच्या हाताला आपला हात लावला, पाणी संपेपर्यंत. तिचे डोळे कोरडे होते. अप्पांचे नव्हते.

मग पानं वाढली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला काढलं, अंगणातल्या खाटेवर उन्हात पसरलं आणि काठीने हलकेच झटकलं. दिवसभर मी तिथे पडून होतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलो. कुणी विचारलं नाही. कसर लागलेला कोट कोण मागणार? संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा आत टांगलं, पण या वेळी कपाटात नाही. बाहेरच्या खोलीत, दाराशेजारच्या खुंटीवर.

तिथूनच मी हे सांगतोय. ज्या देहावर मी बसतो त्याची लाजही माझ्या लोकरीत उतरते, आणि ती उन्हात टाकूनही पुरती जात नाही. पण थंडी मला अजून थोपवता येते. तुमच्यापैकी कुणी थंड मुलखात निघणार असेल, तर तापीकाठच्या या घरी येऊन विचारा. अप्पा आधी गप्प बसतील. तुम्ही घाई करू नका, खुंटीकडे पाहत उभे राहा. बाह्या थोड्या लांब आहेत, तेवढ्या दुमडून घ्या.